त्वरणावरून प्रभारित कणावरचं बल कसं काढायचं

गणितात ‘इलेक्ट्रॉन’ हा शब्द दिसला की बहुतेक विद्यार्थी आधी त्याचा प्रभार लिहून मोकळे होतात. त्वरण दिलेलं असतं, बल विचारलेलं असतं, आणि वहीतली पहिली ओळ असते १.६०२ × १०^-१९ कूलोम. मग हा आकडा कुठे बसवायचा याची शोधाशोध सुरू होते. खरं तर त्वरणावरून बल काढायला प्रभार लागतच नाही, वस्तुमान लागतं. प्रभाराची पाळी नंतर येते, हे बल कशामुळे लागलं असं विचारायची वेळ आली की.

‘बल किती?’ आणि ‘बल कशाचं?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. मी शिकवताना फळ्याचे दोन भाग करते. डावीकडे पहिला प्रश्न, उजवीकडे दुसरा, आणि डावी बाजू संपल्याशिवाय उजवीकडे खडू टेकवायचा नाही. हा लेखही त्याच क्रमाने जातो.

(लिहिण्याची एक सोय: ^ या चिन्हानंतर घात लिहिला आहे. १०^-१९ म्हणजे दहाचा उणे एकोणिसावा घात, आणि मी/से^२ म्हणजे मीटर प्रति सेकंद वर्ग.)

आकडे हाताशी ठेवा

इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.१०९ × १०^-३१ किलोग्रॅम. प्रोटॉनचं १.६७३ × १०^-२७ किलोग्रॅम, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट. दोघांच्या प्रभाराचं मूल्य सारखंच, १.६०२ × १०^-१९ कूलोम. इलेक्ट्रॉनचा ऋण, प्रोटॉनचा धन. अल्फा कणाचं वस्तुमान ६.६४५ × १०^-२७ किलोग्रॅम आणि प्रभार प्रोटॉनच्या दुप्पट.

वस्तुमानाशिवाय इथे पाऊल पुढे पडत नाही, हे इतिहासातही दिसतं. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांत कॅथोड किरण (म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत) किती वळतात ते मोजलं. वळण म्हणजे त्वरण. पण त्यावरून त्यांना प्रभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर तेवढं मिळालं, दोन्ही राशी सुट्या मिळाल्या नाहीत. ठरावीक क्षेत्रात दुप्पट प्रभाराचा आणि दुप्पट वस्तुमानाचा कण अगदी तसाच वळला असता, आणि त्याच्यावरचं बल मात्र दुप्पट असतं. प्रभार स्वतंत्रपणे कळला तो रॉबर्ट मिलिकन यांनी १९०९ पासून केलेल्या तेलाच्या थेंबांच्या प्रयोगांमुळे. तेव्हा नुसतं त्वरण हातात असेल आणि कण कोणता हे माहीत नसेल, तर बल काढता येत नाही.

एकक बदलून घेण्याचं काम आत्ताच उरका. सेंटिमीटरचे मीटर, ग्रॅमचे किलोग्रॅम, मायक्रोसेकंदाचे सेकंद. या विषयात घातांक इतके मोठे असतात की शंभरपट चूक उत्तराकडे पाहून लक्षातही येत नाही.

पहिला टप्पा: त्वरण मिळवणं

कधी त्वरण थेट दिलेलं असतं. बहुतेक वेळा ते मिळवावं लागतं, आणि त्याचे तीन मार्ग नेहमी भेटतात.

कण सरळ रेषेत जात असेल, त्वरण स्थिर असेल आणि सुरुवातीचा वेग, शेवटचा वेग व अंतर माहीत असेल, तर

त्वरण = (शेवटच्या वेगाचा वर्ग − सुरुवातीच्या वेगाचा वर्ग) ÷ (२ × अंतर)

कण वर्तुळात एकसमान चालीने फिरत असेल, तर

त्वरण = चालीचा वर्ग ÷ त्रिज्या, आणि दिशा वर्तुळाच्या केंद्राकडे.

चाल बदलत नाही म्हणून त्वरण शून्य, असं इथे बरेच जण लिहितात. वेग सदिश आहे. त्याची दिशा बदलली तरी त्वरण असतंच.

तिसरा मार्ग प्रत्यक्ष मोजमापाचा, आणि तो सावकाश पाहण्यासारखा आहे. समजा, निर्वात कुपीत प्लॅस्टिकचा एक सूक्ष्म प्रभारित गोळा वर चढतो आहे आणि आपण दर ०.०१ सेकंदाला त्याचं चित्र घेतो. लागोपाठच्या तीन चित्रांत त्याची उंची ०.०० मिलिमीटर, ०.४० मिलिमीटर आणि ०.९२ मिलिमीटर आहे. पहिल्या टप्प्यात तो ०.४० चढला, दुसऱ्यात ०.५२. या दोन फरकांमधला फरक ०.१२ मिलिमीटर, म्हणजे १.२ × १०^-४ मीटर. त्याला कालावधीच्या वर्गाने, म्हणजे १०^-४ ने भागलं की त्वरण मिळतं १.२ मी/से^२, वरच्या दिशेने.

रीत सोपी आहे, पण तिची मेख ओळखून असा. प्रत्येक उंची वाचताना ०.०१ मिलिमीटरची चूक होऊ शकत असेल, तर फरकाच्या फरकात मधली उंची दोनदा येते. त्यामुळे वाईटात वाईट परिस्थितीत चूक ०.०४ मिलिमीटरपर्यंत जाते. ०.१२ मध्ये ०.०४, म्हणजे चक्क एक तृतीयांश! म्हणून तीनच चित्रांवर विसंबू नये. दहा-वीस चित्रं घ्यावीत, उंची आणि वेळ यांचा आलेख काढावा आणि त्यातून जाणाऱ्या परवलयावरून त्वरण काढावं. या गोळ्याकडे आपण पुन्हा येऊ.

दुसरा टप्पा: वस्तुमानाने गुणा, दिशा सोडू नका

बल = वस्तुमान × त्वरण. न्यूटनचा दुसरा नियम इथेही तोच. बलाची दिशा त्वरणाचीच दिशा. कण ऋण आहे म्हणून बल उलटं करायचं नाही. ऋण प्रभारामुळे उलटी होते ती बल आणि विद्युत क्षेत्र यांच्या दिशांची जोडी, आणि तो उजव्या बाजूचा विषय आहे. उणे चिन्ह एकदा इथे आणि एकदा तिथे, असं दोनदा लावून बरोबर दिशा चुकीची करून ठेवलेली उत्तरं मी दरवर्षी तपासते.

आता एक पूर्ण उदाहरण. एक इलेक्ट्रॉन स्थिर अवस्थेतून निघतो आणि २ सेंटिमीटर अंतरात त्याची चाल ६ × १०^६ मीटर प्रति सेकंद होते. बल किती?

त्वरण = (६ × १०^६)^२ ÷ (२ × ०.०२) = ३.६ × १०^१३ ÷ ०.०४ = ९.० × १०^१४ मी/से^२

बल = ९.१०९ × १०^-३१ × ९.० × १०^१४ = ८.२ × १०^-१६ न्यूटन

डावी बाजू संपली. त्वरणाचा आकडा पाहून दचकायला होतं, बलाचा पाहून हसू येतं. एवढंसं बल एवढं अफाट त्वरण देतं, कारण इलेक्ट्रॉन तितका हलका आहे.

उत्तर पडताळण्याची एक वेगळी वाट आहे, आणि ती वापरायची सवय लावून घ्या. शेवटची गतिज ऊर्जा = ½ × ९.१०९ × १०^-३१ × ३.६ × १०^१३ = १.६४ × १०^-१७ ज्यूल. बल गुणिले अंतर = ८.२ × १०^-१६ × ०.०२ = १.६४ × १०^-१७ ज्यूल. जुळलं.

त्वरण घटकांमध्ये दिलं असेल तर प्रत्येक घटक वेगळा गुणा आणि एकूण मूल्य अगदी शेवटी काढा. समजा, उजवीकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचं त्वरण उजवीकडे ३ × १०^१४ आणि कागदावर खालच्या दिशेने ४ × १०^१४ मी/से^२ आहे. मग बल उजवीकडे २.७३ × १०^-१६ न्यूटन आणि खाली ३.६४ × १०^-१६ न्यूटन. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेतलं की एकूण ४.५५ × १०^-१६ न्यूटन. घटक खोडू नका, ते पुढे लागणार आहेत.

तिसरा टप्पा: हे बल एकूण आहे

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. वस्तुमान गुणिले त्वरण केल्यावर जे मिळतं ते कणावरच्या सगळ्या बलांची बेरीज असतं. विद्युत बल तेवढंच मिळालं असं समजून पुढे जाता येत नाही. त्यात गुरुत्वाकर्षण असतं, हवा असेल तर तिचा रोध असतो, चुंबकीय बल असतं.

इलेक्ट्रॉनच्या बाबतीत गुरुत्वाकर्षण बिनधास्त सोडून द्यावं. त्याचं वजन ८.९ × १०^-३० न्यूटन; आपल्या उदाहरणातलं बल त्याच्या सुमारे ९ × १०^१३ पट आहे. पण कण मोठा झाला की हिशेब पालटतो.

आता त्या गोळ्याकडे वळू. त्याचं वस्तुमान २.० × १०^-१५ किलोग्रॅम धरा. एकूण बल = २.० × १०^-१५ × १.२ = २.४ × १०^-१५ न्यूटन, वर. त्याचं वजन = २.० × १०^-१५ × ९.८ = १.९६ × १०^-१४ न्यूटन, खाली. म्हणजे वर ओढणाऱ्या विद्युत बलाने आधी वजन पेललं आणि वरून २.४ × १०^-१५ न्यूटन जास्तीचे दिले:

विद्युत बल = १.९६ × १०^-१४ + ०.२४ × १०^-१४ = २.२ × १०^-१४ न्यूटन

एकूण बलालाच विद्युत बल समजलं असतं तर उत्तर नऊपट चुकलं असतं. कुपीतलं विद्युत क्षेत्र ४.५८ × १०^४ व्होल्ट प्रति मीटर असेल, तर प्रभार = २.२ × १०^-१४ ÷ ४.५८ × १०^४ = ४.८० × १०^-१९ कूलोम. हे १.६०२ × १०^-१९ च्या जवळजवळ नेमकं तिप्पट. गोळ्यावर मूलभूत प्रभाराचे तीन तुकडे आहेत!

आणि मोजमापातली ती एक तृतीयांश चूक? ती त्वरणात आहे, म्हणून एकूण बलात ०.८ × १०^-१५ न्यूटन इतकी येते. पण २.२ × १०^-१४ च्या मानाने ती चार टक्क्यांपेक्षा कमी. प्रभार ४.६ ते ५.० × १०^-१९ च्या दरम्यान राहतो आणि ‘तीन’ हे उत्तर ढळत नाही. त्वरण ओबडधोबड असूनही निष्कर्ष पक्का ठरतो, हे मला या गणितात फार आवडतं.

हीच गोष्ट हवेत केली तर गोळा क्षणार्धात स्थिर वेग पकडतो आणि त्वरण शून्य होतं. म्हणून विद्युत बल शून्य असतं का? मुळीच नाही. विद्युत बल, वजन आणि हवेचा रोध यांची बेरीज शून्य असते. मिलिकन यांच्या थेंबांचा हिशेब याच तोलावर उभा होता.

चौथा टप्पा: बल कशाचं ते ठरवणं

आता प्रभार लिहा. प्रभारित कणावर विद्युतचुंबकीय बल दोन प्रकारांनी येतं, आणि दोन्ही मिळून त्याला हेंड्रिक लोरेन्ट्झ यांच्या नावाने लोरेन्ट्झ बल म्हणतात:

बल = प्रभार × (विद्युत क्षेत्र + वेग आणि चुंबकीय क्षेत्र यांचा सदिश गुणाकार)

दोन भाग वेगळे करायची किल्ली सदिश गुणाकारात आहे. चुंबकीय बल नेहमी वेगाला लंब असतं. त्यामुळे ते कणाची चाल वाढवू शकत नाही आणि कमीही करू शकत नाही, फक्त वळवतं. म्हणून वेगाच्या दिशेतला बलाचा जो घटक असेल, तो (इतर बलं नगण्य असतील तर) पूर्णपणे विद्युत क्षेत्राचा.

पहिल्या इलेक्ट्रॉनची फक्त चाल वाढली, दिशा बदलली नाही. तेव्हा विद्युत क्षेत्र = ८.२ × १०^-१६ ÷ १.६०२ × १०^-१९ = सुमारे ५.१ × १०^३ व्होल्ट प्रति मीटर, आणि दिशा इलेक्ट्रॉनच्या गतीच्या उलट. दोन सेंटिमीटरवर हे विभवांतर सुमारे १०२ व्होल्ट होतं. प्रयोगशाळेतल्या साध्या वीजपुरवठ्यावर जमण्याजोगी गोष्ट आहे, म्हणजे उत्तर वास्तवाला धरून आहे.

वर्तुळात फिरणारा प्रोटॉन घ्या: चाल २ × १०^६ मीटर प्रति सेकंद, त्रिज्या ५ सेंटिमीटर. त्वरण ८ × १०^१३ मी/से^२, बल १.३४ × १०^-१३ न्यूटन, केंद्राकडे. चाल बदलत नाही आणि चुंबकीय क्षेत्र वर्तुळाच्या पातळीला लंब आहे असं दिलं असेल, तर क्षेत्र = बल ÷ (प्रभार × चाल) = १.३४ × १०^-१३ ÷ ३.२० × १०^-१३ = ०.४२ टेस्ला. अभिकेंद्री बल म्हणून आणखी एखादं वेगळं बल यात मिळवायचं नाही. चुंबकीय बलच इथे अभिकेंद्री बलाचं काम करतं.

घटकांचं उदाहरण जास्त अवघड. तिथला इलेक्ट्रॉन उजवीकडे ३ × १०^६ मीटर प्रति सेकंद चालीने जातो आहे. बलाचा उजवीकडचा घटक वेगाच्या दिशेत आहे, तेव्हा तो विद्युत क्षेत्राचाच: क्षेत्र डावीकडे, १.७ × १०^३ व्होल्ट प्रति मीटर. खालच्या घटकाचं काय? तो वर दिशा असलेल्या २.२७ × १०^३ व्होल्ट प्रति मीटर विद्युत क्षेत्राचा असू शकतो. कागदात शिरणाऱ्या ७.६ × १०^-४ टेस्ला चुंबकीय क्षेत्राचाही असू शकतो. दोघांचं मिश्रणही असू शकतं. एका त्वरणावरून हे ठरत नाही, आणि ‘ठरत नाही’ असं लिहिणं हेच इथलं बरोबर उत्तर. ठरवायचं असेल तर त्याच जागेतून तोच कण तितक्याच चालीने उलट दिशेने पाठवा. लंब घटक तसाच राहिला तर तो विद्युत, त्याची दिशा उलटली तर चुंबकीय. दोन्ही मोजमापांतल्या लंब घटकांच्या बेरजेचा निम्मा विद्युत भाग देतो आणि वजाबाकीचा निम्मा चुंबकीय.

उजव्या हाताचा नियम लावताना आधी कण धन आहे असं समजून दिशा काढा. इलेक्ट्रॉन असेल तर शेवटी एकदाच उलटवा.

वेग फार असेल तर

कणाची चाल प्रकाशाच्या वेगाच्या दहा टक्क्यांच्या आत असेल, तर वरचं सगळं दीड टक्क्याच्या आत बरोबर. इलेक्ट्रॉन ही हद्द फार लवकर गाठतो: सुमारे अडीच हजार व्होल्टचं विभवांतर त्याला पुरतं. प्रोटॉनला सुमारे ४७ लाख व्होल्ट लागतात.

त्यापुढे विशिष्ट सापेक्षतेचा गुणक, गॅमा, आणावा लागतो:

गॅमा = १ ÷ √(१ − (चाल ÷ प्रकाशाचा वेग)^२)

वेगाला लंब बल = गॅमा × वस्तुमान × लंब त्वरण
वेगाच्या दिशेतलं बल = गॅमा^३ × वस्तुमान × त्या दिशेतलं त्वरण

दोन दिशांना दोन वेगळे गुणक आहेत, त्यामुळे बल आणि त्वरण यांच्या दिशा आता सहसा एक राहत नाहीत. म्हणूनच त्वरण आधी वेगाच्या दिशेत आणि लंब दिशेत फोडायचं, मग गुणायचं. फरक किती पडतो ते पाहा: चाल प्रकाशवेगाच्या निम्मी असेल तर गॅमा १.१५ आणि गॅमाचा घन १.५४, नव्वद टक्के असेल तर २.२९ आणि १२.१. वॉल्टर काउफमान यांना १९०१ च्या सुमाराला रेडियममधून सुटणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचं प्रभार-वस्तुमान गुणोत्तर वेगाबरोबर घटताना दिसलं, त्यामागे हाच गुणक होता.

त्वरण असलेला प्रभार ऊर्जा उत्सर्जित करतो, तेव्हा त्याची प्रतिक्रिया धरायला नको का, हा प्रश्न चांगला विद्यार्थी विचारतोच. आपल्या पहिल्या इलेक्ट्रॉनने त्या दोन सेंटिमीटरमध्ये उत्सर्जित केलेली ऊर्जा सुमारे ३ × १०^-३२ ज्यूल भरते, आणि त्याने मिळवलेली १.६४ × १०^-१७ ज्यूल. सोडून द्या.

शेवटचं उदाहरण जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राचं. तिथल्या आराखड्यानुसार प्रोटॉनची ऊर्जा ७ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे गॅमा सुमारे ७४६०. वळवणाऱ्या चुंबकांत त्याच्या मार्गाची वक्रता त्रिज्या सुमारे २,८०४ मीटर. चाल जवळजवळ प्रकाशाचीच, २.९९८ × १०^८ मीटर प्रति सेकंद.

त्वरण = (२.९९८ × १०^८)^२ ÷ २८०४ = ३.२१ × १०^१३ मी/से^२

आपल्या दोन सेंटिमीटरमधल्या इलेक्ट्रॉनचं त्वरण याच्या २८ पट होतं! पण त्वरण वेगाला लंब आहे, म्हणून गॅमाने गुणायचं:

बल = ७४६० × १.६७३ × १०^-२७ × ३.२१ × १०^१३ = ४.० × १०^-१० न्यूटन

हे त्या इलेक्ट्रॉनवरच्या बलाच्या जवळपास पाच लाख पट. आता उजव्या बाजूने तपासा. त्या चुंबकांचं क्षेत्र ८.३३ टेस्ला. प्रभार × चाल × क्षेत्र = १.६०२ × १०^-१९ × २.९९८ × १०^८ × ८.३३ = ४.० × १०^-१० न्यूटन. गॅमा विसरलात तर डावीकडे ५.४ × १०^-१४ येतं आणि दोन्ही बाजूंत साडेसात हजार पटींची दरी राहते.